दोन तारांमधली खिडकी

अमरावती,
सोमवार, ता. १२ फेब्रुवारी १९६२

ती. बाईस,
देवमनचा सा. जयभीम वि. वि.

आज सकाळी सहा ते दोन ड्यूटी होती. निवडणुकीमुळे तारा फार येतात. दोन वाजता खोलीवर आलो, भात केला, थोडा पडलो. उठून हे पत्र लिहायला बसलो.

आबांना जाऊन, आपण दोघं पोरके होऊन, आज बावीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोठी बहीण असून तू सगळ्यांसमोर म्हणालीस, की ऐका बाप्पा, तारबाबूलेच तार भेटली नाही म्हणते. कोणी हसलं नाही, सगळे खाली पाहू लागले. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितो.

तू गुरुवारी केलेली तार माझ्या हाती आली नाही. मला कळलं ते भाऊजींच्या कार्डानं, मंगळवारी दुपारी. मिळेल त्या गाडीनं निघालो. पोचलो तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. तार कुठं गेली ते मी शोधणार आहे. त्यासाठी काळेगाव स्टेशनच्या खुशालरावबाबूंकडून तिचा नंबर आणि वेळ लिहून घे व मला कळव. नंबराशिवाय कोणी वही उघडणार नाही.

डोमाजी भाऊजींना जयभीम. राग असू दे, पण उत्तर दे. तेवढा लोभ पुष्कळ झाला.

तुझा,
देवमन


काळेगाव, जि. अकोला
ता. १७ फेब्रुवारी १९६२

चि. देवमन यास,
पंचफुलाचा आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र भेटलं. नंबर चौदा. तारीख अठरा जानेवारी, वेळ अकरा वाजून वीस मिनिटं. खुशालरावबाबूनं वही पाहून लिहून देल्लं. आता काय करतं ते कर.

तू म्हणतं तार आली नाही. मंग हे आयक. तार देल्ली तेव्हा मी घरी नाही आली. ठेसनात बाकड्यावर बसून राहिली. बाबूनं घंट्याभरानं बोलावून सांगतलं की बाई, पोचली, जा आता. मी पळत घरी आली अन् आबाले सांगतलं, देवमनले तार पोचली, येऊन राहिला तो. तेव्हापासून आबा कोणती गाडी वाजली की विचारे, ही अकोल्याची का. शुक्कीरवारी विचारलं, शनवारी विचारलं. दोन येळा पेज देल्ली तर म्हणे, देवमनची भाकर झाकून ठेव. ठेवली. आयतवारी सकाळी आबा गेला. झाकलेल्या भाकरी म्या गाईले टाकल्या.

आता तू सांग, बाबू कावून खोटं बोलीन? त्याचं अन् आपलं काय वैर हाये? मले तर दोघांतला एक खोटा दिसते, अन् बाबू तर रोज दिसते डोयासमोर.

नंबर तुले देल्ला तो खरंखोटं व्हावं म्हणून देल्ला. माफ केलं म्हणून नाही. अन् सध्या इकडे येऊ नको. बाया विचारतात, मले तोंड नाही राहत सांगाले.

तुझे भाऊजी बरे हायेत. तुयीबी तब्येत सांभाळजो. लोभ हाये का नाही ते आताच विचारू नको.

पंचफुला


अमरावती,
सोमवार, ता. ५ मार्च १९६२

ती. बाईस,
देवमनचा सा. जयभीम वि. वि.

दोन रविवार माझ्या जुन्या नोकरीच्या जंक्शनवर गेलो, म्हणून पत्राला उशीर झाला. तार सापडली. सगळं क्रमानं लिहितो.

रेल्वेत असताना मी चार वर्षं ज्या तारघरात काढली, तिथंच ती गेली होती. वहीत नंबर चौदा आहे. अकरा पस्तीसला घेतली, पुढं शेरा ‘पोचली’, खाली नत्थुजीची सही. नत्थुजी म्हणजे तिथला जुना शिपाई. मी त्याला विचारलं, कुठं पोचली. तो मला भिंतीवरच्या कप्प्यांपाशी घेऊन गेला.

माझा जुना कप्पा त्यानं अजून कोणाला दिलेला नाही. मी अधूनमधून रविवारी त्यांच्याकडे जातो. माझ्या नावानं तिकडे काही आलं तर तो कप्प्यात जपून ठेवतो. तसं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. तार इंग्रजीत, त्याला इंग्रजीतलं फक्त माझं नाव ओळखता येतं. तिथल्या बाबूनं कागद हातात दिला, यानं नाव पाहिलं आणि कप्प्यात ठेवला. बाबूनं पोचली म्हणून काळेगावला कळवलं. खुशालरावबाबूंनी ते तुला सांगितलं. त्यात कोणी खोटं बोललेलं नाही. एकवीस तारखेच्या रविवारी मला ड्यूटी लागली, म्हणून मी तिकडे गेलो नाही. कागद घडी न मोडता तसाच होता. नत्थुजी रडायला लागला. त्याला चहा पाजावा लागला.

आता माझं सांगतो. तारेवर पत्ता होता ‘देवमन, सिग्नलर’, म्हणजे रेल्वेचा तारबाबू, आणि पुढं जंक्शनच्या नावाची खुणेची दोन अक्षरं. एवढंच. हा पत्ता तू आबांच्या पेटीतल्या जाड कागदावरून दिलास. पत्रं तू अमरावतीला टाकतेस, पण तारेसाठी तो कागद १९५५ साली मीच लिहून दिला होता. रेल्वेच्या तारेला तेवढं पुरतं. तिथं माणूस स्टेशनावरून ओळखतात. पण एकोणसाठ साली मी पोस्टाच्या तारेत आलो. पोस्टाच्या तारेला शहर लागतं, गल्ली लागते, घरमालकाचं नाव लागतं. जंक्शनवर ही दोन तारघरं एका भिंतीच्या दोन बाजूंना आहेत. मध्ये हातभर खिडकी आहे. रेल्वेचा बाबू त्या खिडकीतून कागद देतो, पोस्टाचा बाबू तो आपल्या फॉर्मवर उतरवतो, आपला नंबर घालतो आणि पुढे पाठवतो. पत्त्यात अमरावती हे नावच नव्हतं. मग कागद खिडकीकडे कशाला जाईल?

अडीच वर्षं झाली, तो कागद बदलावा हे मला सुचलं नाही. दुसऱ्यांचे अपुरे पत्ते मी रोज शेरा मारून परत करतो. तेव्हा बाई, तार मला मिळाली नाही हे खरं, आणि ती अडकावी अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती, हेही खरं. आबांनी वाट पाहिली ती माझ्यामुळे. हे तू कोणालाही सांग.

काल पुन्हा गेलो तो तारघराचे मुख्य महादेवराव यांना भेटायला. मी म्हटलं, ज्या तारा खिडकीतून पलीकडे जायच्या, त्यांना पोस्टाचा नंबर परत आल्याशिवाय ‘पोचली’ म्हणू नका. आणि पत्ता अपुरा असेल तर कप्प्यात न ठेवता पाठवणाऱ्या स्टेशनला त्याच दिवशी विचारा. ते म्हणाले, रेल्वेची कामं काय कमी आहेत, आणि गेलेल्या माणसासाठी आता ही खटपट कशाला. मी बसून राहिलो. त्यांची ड्यूटी संपली तरी बसलो. शेवटी म्हणाले, तू रेल्वे सोडली, पण रेल्वेचा बाक काही सोडत नाहीस. काळेगावच्या तारांपुरतं एक महिना करून पाहतो म्हणाले.

सोबत नवा कागद पाठवतो. पूर्ण पत्ता आहे. जुना कागद फाडून टाक. एक दिवस ठरवून मला तार कर, मजकूर कोणताही चालेल. खुशालरावबाबूंनी दुसरा, पोस्टाचा नंबर सांगितल्याशिवाय स्टेशन सोडू नको. वाट नीट झाली की नाही हे मला पाहायचं आहे.

भाऊजींना जयभीम. तुला जे वाटेल ते लिही, मी वाचीन.

तुझा,
देवमन


काळेगाव, जि. अकोला
शुक्रवार, ता. ९ मार्च १९६२

चि. देवमन यास,
पंचफुलाचा आशीर्वाद व जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. मंग तुझ्या भाऊजीले वाचून दाखवलं. ते म्हणाले, गावभराचे पत्ते तपासते अन् सोताचा पत्ता दुसऱ्याच्या घरी. मले हसू आलं अन् मंग रडू आलं. जुना कागद चुलीत टाकला.

पयले मनात आलं, आता तार कोणासाठी करू? ज्याच्यासाठी करायची होती थो तर गेला. तुले कागदच पाह्यचे असन तर तुझ्या ऑफिसात का कमी हायेत? चार दिवस काही लिहिलं नसतं. पण काल मनकर्णाबाई आली. तिचा सूर्यभान तिकडे कचेरीत चपराशी हाये ना. तिनं तुझ्या कागदाचं आयकलं अन् आपला कागद आणून दाखवला. त्यावर लिहिलं, चि. सूर्यभान, अमरावती. बस. म्या म्हटलं, माय, अमरावतीत सूर्यभान का एकच हाये? ते म्हणे, माझा तर एकच हाये. मंग बसलो दोघी. तिच्या पोराची जुनी पत्रं काढली, गल्ली पाह्यली, घरमालक पाह्यला, अन् मोठ्या अक्षरात नवा कागद लिहून देल्ला. सांजच्याले आणखी तीन बाया आल्या. माझे कागद सरले.

तवा तार करतो मी. गुरुवारी सकाळच्या पारी. खुशालरावबाबूले सांगून आली, की आता एका नंबरावर मी उठणार नाही. ते म्हणाले, बाई, बाकडं तुमचंच हाये.

एक गोष्ट लिहितो. तुले खोटा म्हटलं ते चारचौघांत म्हटलं. ते पत्रात वापस घेता येत नाही. काय करायचं ते पाहीन मी. आबाचं जे झालं ते मनातून जात नाही, तुझ्याही जाणार नाही. पण तू लपवलं नाही, हे बरं केलं.

जेवण वेळेवर करत जाजो. बाकी बहिणीचा लोभ कागदावर कायले मांडू.

पंचफुला


अमरावती,
गुरुवार, ता. १५ मार्च १९६२

ती. बाईस,
देवमनचा सा. जयभीम वि. वि.

तार पोचली.

सकाळी सहाला बसलो. नऊपर्यंत कापसाच्या व्यापाऱ्यांच्या तारा होत्या, धामणगावच्या आणि अकोल्याच्या. मग थोडं मोकळं झालं. दहा वाजून बावन्न मिनिटांनी जंक्शननं बोलावलं. नंबर आला, मग ठिकाण काळेगाव आलं, मग माझा पत्ता सुरू झाला. गल्ली, घरमालक, सगळं. लिहिताना माझा एक शब्द सुटला. मी तो पुन्हा मागितला. पलीकडच्यानं पुन्हा दिला. सात वर्षांत मी शब्द क्वचितच पुन्हा मागितला असेल.

मजकूर असा लिहिला आहे, की रविवारी घरी ये, सगळ्यांना बोलावलं आहे.

मी घेतल्याचं कळवलं आणि आमचा नंबर उलट दिला. तो खिडकीतून रेल्वेकडे गेला आणि अकरा वीसला काळेगावला मिळाला, असं जंक्शननं मला नंतर सांगितलं. म्हणजे तू तोपर्यंत बाकावर असशील. महादेवरावांनी आपला शब्द पाळला. त्यांना उद्या कार्ड टाकतो. महिना संपला की बाकीच्या स्टेशनांसाठी पुन्हा जाईन. ते नाही म्हणतील, मग पुन्हा बसेन.

आमच्याकडे नियम असा, की तार पत्त्यावरच पोचवायची. मी स्वतः उतरवलेली असली तरी खिशात घालता येत नाही. मी ती पाकिटात बंद करून शिपायाकडे दिली. तो म्हणाला, साहेब, तुम्ही तर इथंच आहात. मी म्हटलं, पत्ता बघ आणि जा. मला तो पत्ता चालतो का हे बघायचं होतं. दोन वाजता खोलीवर आलो तर घरमालकीण लीलाबाईंनी पाकीट आणून दिलं. सही त्यांनी केली होती. तार कोणाची, सगळं ठीक ना, असं विचारत त्या दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बहिणीची आहे, ठीक आहे.

शनिवारी-रविवारी मला ड्यूटी होती. ती बदलून घेतली आहे. शनिवारी दुपारच्या गाडीनं अकोल्याला येतो आणि तिथून पुढची गाडी धरतो. लोकांसमोर तू काय बोलणार ते मला माहीत नाही. माझं मला जे सांगायचं आहे ते या वेळी मी उभा राहून सांगेन. कागदाचं, कप्प्याचं, सगळं. नीट बोलता आलं नाही तर वाचून दाखवीन.

मनकर्णाबाईंना सांग, सूर्यभानला शनिवारी सकाळी कचेरीत भेटून त्याचा पत्ता तपासून घेतो. आणखी बायांचे कागद असतील तर काढून ठेवायला सांग.

भाऊजींना जयभीम. आहे तेवढा लोभ रविवारपर्यंत पुरेल.

तुझा,
देवमन

ता. क. लीलाबाई गेल्या तेव्हा पाकीट तसंच ठेवलं होतं. पत्र लिहून झाल्यावर मी दार लावून ते फोडलं आणि माझ्याच अक्षरातली तार पुन्हा वाचली. आता नळाला पाणी आलं आहे. बादली घेऊन खाली जातो.