मामंजींनी सोडलेली मोटार

ती. मामंजी,

शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही होतात तोवर मी तुम्हांला एक ओळसुद्धा लिहिली नाही. एका घरात राहून पत्र कोण लिहितं? पण आज सकाळी जे कळलं ते कुणाशी बोलू? तुमच्या चिरंजीवांना सांगायला तोंड नाही, आणि सासूबाईंसमोर मान वर होत नाही. खंडेनवमीचं जेवण उरकलं, सगळे आडवे झाले, म्हणून मालूच्या वहीतला कागद फाडून बसले आहे.

तुम्ही वैशाखात गेलात. उद्या दसऱ्याला घाटकोपरचं गिऱ्हाईक तुमची मोटार न्यायला येणार आहे. विकायचा हट्ट माझाच. सकाळी तुमचे चिरंजीव मोटारीचं हँडल घासूनपुसून पूजेच्या पाटावर मांडत होते, तेव्हा मी बोलून गेले, "उद्या जायचीच आहे ती. आता पूजा कशाला? शेवटी शेवटी मामंजींना तरी कुठे आवडत होती!"

सासूबाई झेंडूची माळ ओवत होत्या. सुईदोरा हातात तसाच धरून उठल्या.

"आवडत नव्हती? अगो, आवडत होती म्हणान तर सोडल्यानी!"

तीन वर्षं गप्प राहिलेल्या बाई, मामंजी. आज बोलल्या.

मोटार तुम्हांला किती प्रिय होती हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? कारखान्याचा साहेब विलायतेला परतताना बंद पडलेला सांगाडा फोरमनला, म्हणजे तुम्हांला, देऊन गेला, आणि वर्षभराचे रविवार घालवून तुम्ही अंगणातल्या चाफ्याखाली तो चालता केलात. तिला चेडू म्हणायचात, म्हणजे लेक. मी अंधेरीहून लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा आठवडाभर समजत होते की घरात आणखी एक नणंद आहे! खड्डा दिसला की तुम्ही उतरून आधी खड्डा बघायचात. विसाच्या वर काटा जाऊ दिला नाहीत कधी. आम्ही हसायचो.

आणि खंडेनवमी आली की तुमचा नियम. हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गिरणीतल्या कुणा जॉबरने, म्हणजे मुकादमाने, पाटावरचा पाना उचलला आणि त्याच दिवशी त्याची बोटं यंत्राच्या पट्ट्यात गेली, ही गोष्ट तुम्ही दरवर्षी सांगायचात. आम्ही त्यालाही हसायचो.

त्या वर्षी मात्र कुणी हसलं नाही. मालू चार वर्षांची. दोन दिवस घसा धरलेला, तिसऱ्या दिवशी, नेमक्या नवमीला दुपारी, तिचा श्वास शिटीसारखा वाजायला लागला. हे फोर्टात ऑफिसला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "घटसर्प. आत्ताच्या आत्ता मुंबईला इस्पितळात न्या. आगगाडीत बसवू नका, लागट रोग आहे. मोटार आहे ना घरी?"

मोटार होती. तिचं हँडल देवापुढे होतं. ते मारल्याशिवाय ती कधी सुरू झाली आहे?

मी पोरीला सासूबाईंच्या मांडीवर टाकली, तिच्या चपला शोधल्या, चादर घेतली, परत आले, तर तुम्ही देवघरासमोर हात जोडून बसलेले! डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. इकडे मालूच्या ओठांना निळी झाक आलेली. "मामंजी, उठा!" म्हटलं. हलला नाहीत. पुन्हा ओरडले. नाहीच. मग मी हात घालून हँडल उचललं. झेंडूची फुलं, अक्षता, हळदकुंकू सगळं भुईवर. तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अंगणात जाऊन मी ते मोटारीच्या तोंडाशी बसवलं आणि फिरवलं. काही नाही. दुसऱ्यांदा फिरवलं तर असा उलटा झटका बसला की मी खाली बसले. तेवढ्यात तुम्ही धावत आलात, आत स्टिअरिंगच्या चाकाशी बसलात आणि ओरडलात, "अंगठो बोटांच्या बाजूक घे! हात मोडात गो!" तिसऱ्यांदा ती लागली.

भांडुप गेलं, घाटकोपर गेलं. एकही खड्डा तुम्ही चुकवला नाहीत. बैलगाड्यांच्या रांगा, तुम्ही भोंग्यावरचा हात काढत नव्हतात, मडगार्ड खडखडत होतं. मागे सासूबाई जप करताहेत आणि मी मालूच्या छातीवर हात ठेवून बसले आहे. छाती उचलते आहे ना? पुन्हा उचलते आहे ना? शीवच्या पुढे शिटी बंद झाली. मला वाटलं, बरं वाटतंय तिला. खरं तर हवाच जात नव्हती. इस्पितळाच्या दारात तिला माझ्या हातातून ओढून घेतली आणि गळ्याला छेद देऊन नळी घातली, तेव्हा पोर वाचली.

तो व्रण राहिला. आवाजही थोडा घोगराच राहिला. आणि माझ्या डोक्यात एकच बसलं: ती पाच मिनिटं. तुम्ही देवापुढून वेळेवर उठला असतात तर गळा कापावा लागला नसता!

त्यानंतर तुम्ही मोटार चालवली नाहीत. चिरंजीवांना महिन्याभरात शिकवलीत आणि स्वतः मागे बसू लागलात. मी काय समजले सांगू? सुनेने पूजेतलं हँडल उचललं म्हणून मोटार बाटली! आम्ही पवईला निघालो की मागच्या बाकावर तुमचा डावा हात गुडघ्यावर गिअर बदलायचा. मला वाटायचं, मुलाच्या चालवण्याला नावं ठेवताहेत. एकदा तर मी तुमच्या तोंडावर म्हणाले, "नातीपेक्षा मोटारीचा मान मोठा या घरात." तुम्ही ताटावरून उठला नाहीत, रागावलाही नाहीत. ताक मागून घेतलंत.

का नाही बोललात हो? एकदा तरी खेकसायचं!

सासूबाई आज म्हणाल्या, तुम्ही पूजा करत नव्हतातच. काशीला गेलेला माणूस आवडती वस्तू सोडतो ना, तशी तुम्ही देवाला सगळ्यात आवडती गोष्ट सोडत होतात. पोर वाचव, पुन्हा मोटारीच्या चाकाला हात लावणार नाही. इस्पितळापर्यंतची तेवढी सूट मागून घेतलीत. मालूला मांडीवर घेऊन सासूबाई तुमच्या शेजारीच होत्या, म्हणून त्यांना ऐकू आलं. बोलून दाखवलं की नवस फुकट जातो, म्हणून त्यांनाही शपथ घातलीत. "आणि पाच मिनिटां खयची गो?" त्या म्हणाल्या. "उदबत्तीची राखसुद्धा पडली नव्हती."

आता उरलेलं सांगते, मामंजी. त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

गेल्या वर्षी शाळेतल्या मुलींनी मालूला व्रणावरून चिडवलं. ती रडत आली, हे कशाने झालं म्हणून विचारू लागली. मी सांगितलं, "आजोबा पूजा करत बसले, वेळेवर उठले नाहीत, म्हणून." सहा वर्षांच्या पोरीला हे सांगितलं मी! दुसऱ्या दिवशी रविवार. तुम्ही बॉनेट पुसत होतात. ती समोर उभी राहिली. "आजोबा, तुम्ही पूजेतून उठला नाहीत म्हणून माझा गळा कापला?"

मी खिडकीत तांदूळ निवडत होते. सगळं ऐकू येत होतं.

तुम्ही म्हणालात, "होय गो बाय. चुकलां माझां."

फडकं पिळलंत आणि पुन्हा पुसायला लागलात. मला तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू? कबूल केलं म्हाताऱ्याने एकदाचं, असंच मनात आलं.

मोटार उद्या जाईल. मी सासूबाईंना म्हटलं, ठेवू या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गो. सोडलेली वस्तू दारात ठेवून ह्येंचे हाल कित्याक?" त्यांचं ऐकते. आजवर ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

पण एक शब्द देते. उद्या सकाळी, कुणी सोनं द्यायला दारात यायच्या आत, मी मालूला समोर बसवून खरं काय घडलं ते सांगणार आहे. ती हुशार आहे, विचारेलच, "मग आजोबा हो का म्हणाले?" सकाळपासून मी त्याचंच उत्तर शोधते आहे. तिला सांगेन, बाळ, तुझी आई तुझ्यापुढे खोटी पडू नये म्हणून. ते तुम्ही होऊ दिलं नाहीत, मामंजी. उद्या माझी मीच खोटी पडेन.

तुमची सून,
सुलोचना