लेकीचं रान

॥ श्री ॥
परतवाड्याजवळून, पौष वद्य ५, शके १७८६

चि. सौ. मनकर्णास, थोरला भाऊ जानराव याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडे सारे खुशाल. कापसाचा भाव असा चढला की ज्वारी पेरणाऱ्याले लोक येडा म्हणून राहिले. नांगरायचं उरलं ते फक्त आपल्या वावरालगतचं लेकीचं रान. बाबा सांगत, एके काळी सातपुड्यापासून आपल्या दारापर्यंत एकच जंगल होतं. गावची पहिली लेक माहेरी येताना त्यात वाट चुकली, झाडांनी तिले पोटाशी घेतलं अन् ती तिथंच रानमाय झाली. बाकी जंगल तुटलं, हा तुकडा तेवढा राहिला. पाटलाच्या लेकीनं हो म्हटल्याबिगर त्यात कुऱ्हाड जात नाई.

आता घरची लेक तूच. सहा बिघे काळी माती हाये, तुह्या भाच्यांचं भलं होईल. मनात काय ते कळव. जावईबापूंकडून लिहून घे, पण खाली नेहमीसारखं हळदीचं बोट लाव. ते पदरच्या दोन ओळी घालतात, हे मले ठाऊक हाये. माया पातळ होऊ देऊ नको.

॥ श्री ॥
अकोला, माघ शुद्ध २

तीर्थरूप दादांचे चरणी मनकर्णेचा साष्टांग दंडवत वि. वि.

आपले पत्र पावले. रान तोडण्यास माझी पूर्ण संमती आहे. काळ पाहून वागावे, जुन्या गोष्टी किती दिवस धरून बसायच्या? तेथे पिकेल तो कापूस मात्र यांच्या अडतीवरच पाठवावा. मुले आनंदात आहेत. कृपादृष्टी आहे तशीच राहावी.

॥ श्री ॥
अकोला, चैत्र शुद्ध ९, शके १७८७

भाऊ, तुह्या पायावर डोकं ठेवते.

मी सांगून राहिली अन् शेजारचे केशवराव गुरुजी लिहून राहिले. काल आपल्या गावचा गाडीवान कापूस घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, लेकीच्या रानात कुऱ्हाडी चालू हायेत. मी चुलीपाशी तशीच बसून राहिली, भाकर करपली.

मी तर नाई म्हटलं होतं. यांनी समोर बसून लिहिलं, मान डोलावली अन् कागदावर भलतंच उतरवलं. हळद कालवून आणली तवर पत्र रवानाही केलं होतं. आज विचारलं तर म्हणतात, त्या रानाच्या जागी पिकेल त्या कापसाचा शब्द व्यापाऱ्याले देऊन बसलो होतो. तवापासून मी यांच्याशी बोलली नाई.

मोहफुलं वेचायले आपण जायचो ते आठवते का? फुलांशिवाय तिथली काडीही बाहेर न्यायची नाई, म्हणून तू माह्या केसांतली पानं एकेक काढून परत रानात टाकायचा. सासरी येताना त्याच रानाच्या कडेच्या टेंभुर्णीखाली गाडी थांबवून मी रडली होती. इथं सारा कापूस अन् धूळ. आई-बाबा गेले, आता माहेर म्हणजे तू अन् ते रान. उरलं असेल तेवढं तरी राख.

खाली हळदीचं बोट माह्या हातानं लावलं हाये. तुही माया हाये, तिच्याच भरवशावर मागते.

॥ श्री ॥
परतवाड्याजवळून, ज्येष्ठ शुद्ध ३

चि. सौ. मनूस, जानरावानं कोणत्या तोंडानं आशीर्वाद द्यावा?

तुहं पत्र आलं त्याच दिवशी माणसं घरी पाठवली. अठरा झाडं उभी होती, तुही टेंभुर्णी त्यात हाये. विलायतेपल्याडची अमेरिकेतली लढाई सरली, तिकडचा कापूस पुन्हा येईल म्हणतात, म्हणून इथला भाव कोसळला. गाव म्हणते रानमाय कोपली. कोपली असेल तर तिनं मलेच धरावं, गावानं काय केलं?

तू जावईबापूंशी बोलायले लाग. ते खोटं वागले, पण सारा दोष त्यांचा नाई. माघातलं पत्र मी तीनदा वाचलं. खाली हळद नव्हती. मनू, मी ते पाहिलं होतं. पाहून पत्राची घडी केली, पेटीत ठेवलं अन् दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी लावल्या.

आता उरलेल्या मोहांचं बी वेचून मोकळ्या जागेत पुरून राहिलो. सावली व्हायले माही उमर पुरायची नाई. नागपंचमीले ये, तुले न्यायले मूळ पाठवतो.

मले लिहिता येते, तरी यापुढं त्या रानाले हात लावणार नाई म्हणून सहीच्या जागी मीही हळदीचं बोट लावलं हाये. ते तुह्या बोटाइतकं खरं धरशील का, तेवढं येऊन सांग.