एक ठेका, बारा गळे

पप्पा,

तुम्ही ती कॅसेट पहिल्यांदा ऐकलीत तो शनिवार मला अजून आठवतो. न्यू जर्सीतलं आपलं अपार्टमेंट, आई पोळ्या लाटतेय, मी पंधरा वर्षांची, आणि ओट्यावरच्या टेपवर जमैकाचं डान्सहॉल संगीत चालू. तुमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या जमैकाच्या मावशींनी ती मला दिली होती. चौथ्या गाण्याला आई वैतागली, "एकच गाणं किती वेळा लावशील गं?" तुम्ही पेपर खाली ठेवलात. "एकच नाही. ठेका एक आहे, गाणारे वेगळे आहेत." कव्हरवर बारा नावं होती. अशा ठेक्याला तिकडे रिडिम म्हणतात, हे मी ऐटीत सांगितलं आणि वर म्हणाले, "पप्पा, इट्स जस्ट पार्टी म्युझिक." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "जस्ट म्हणायचं नाही. बारा जण एकाच ठेक्यावर उभे राहतात आणि कोणी कोणासारखं गात नाही. करून बघ." मग ओट्यावर बोटांनी ढोलकी वाजवत तुम्ही नागपूरच्या वस्तीतली भीमजयंती सांगितलीत. चाल एकच असायची, प्रत्येक गायक तिच्यावर आपले शब्द बांधायचा, आणि तुम्ही त्यांतले एक होता. तुम्ही गाता हेच मला तोवर माहीत नव्हतं. अमेरिकेत आल्यापासून तुम्ही गायलाच नव्हता.

कॅसेटच्या शेवटी नुसता ठेका होता, गाणाऱ्याशिवाय. तीन आठवडे तो गाडीत लावून तुम्ही कडवं बांधलंत. लाल सिग्नलला तुमचे ओठ हलायचे.

मग शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमधली जयंती. जयंती भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी काका तुम्हाला बाजूला घेतात. "जयंतीला हा डिस्को बरा दिसत नाही, यार." "आपल्या ढोलकीलाही लोक नाकं मुरडायचे," तुम्ही म्हणता आणि मला खूण करता. मी बटण दाबते. तुमची पहिलीच ओळ हुकते. तुम्ही हात वर करून मला टेप मागे घ्यायला सांगता, जराही न ओशाळता, आणि पुन्हा सुरू करता. या वेळी आवाज असा लागतो की आई उठून उभी राहते. तुमच्या कडव्यात तुमची लॅब होती: रोज काचेवर रक्ताचे थेंब बघतो, जात कुठेच सापडत नाही. टाळ्या थांबायच्या आत, तुमच्या बोलावण्यावरून आलेल्या जमैकाच्या मावशींनी माइक मागितला आणि त्याच ठेक्यावर स्वतःच्या आईकडून शिकलेलं गाणं म्हटलं. "पुढच्या वेळी आधी विचारा," काका एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी ते स्वतःच तुम्हाला गायला सांगायला घरी आले.

मला गाण्याहून तो वर केलेला हात जास्त आठवतो. चारचौघांत चुकल्यावर इतक्या सहज पुन्हा सुरुवात करणं मला अजून जमत नाही.

परतताना आरशातून माझ्याकडे बघत तुम्ही विचारलंत, "कडवं कळलं का?" मी हो म्हणाले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. मला तेव्हा अर्धंही कळलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर तुमच्या अक्षरातला तो कागद आईने माझ्या हातात ठेवला, आणि तो वाचता यावा म्हणून मी मराठी लिहा-वाचायला शिकले.