कुमिल्ला ते आगरतळा

१९ जुलै, शुक्र.
कालपासून लेकीचा, मनूचा फोन लागत नाही. बांगलादेशात नेट बंद, रस्त्यावर गोळीबार. बातमी घरात मीच आधी वाचली. वार्ताहर असण्याचा एवढाच लाभ. सौ.ला म्हणालो, लाइन खराब आहे.
मनूचं मेडिकल कॉलेज कुमिल्ल्यात. सीमेअलीकडचं, भारतातलं शहर आगरतळा. एका वेबसाइटवर दोन्ही नावं टाकली. सरळ रेषेत चाळीसेक किमी, विमानाने पाच मिनिटं. सौ.ला वाचून दाखवलं. तिला धीर आला. मलाही, हे कबूल.

२० जुलै, शनि.
घोटाळा. ती वेबसाइट वाटेल त्या दोन गावांमध्ये विमान उडवते. आमचं पाटोदा आणि जवळचं चौसाळा टाकून पाहिलं : तीन मिनिटं. चौसाळ्यात विमान! न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचं शास्त्र शिकलो, आणि प्रत्यक्ष सोडून अनुमानाला भुललो.
सौ. सकाळपासून मागे : "आवं, पाच मिन्टाचं इमान, मग पोरगी कावून येत न्हाई?"
"तिकिटं संपलीत." हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा बरं जमलं.
दुपारी युसूफ वडगाव या गावच्या मास्तरांचा फोन. त्यांची मुलगी मनूची रूममेट. तिचा कॉल मिनिटभर लागला होता. उद्या सकाळी सातला बस पोरींना सीमेवर सोडणार.
"रस्ता कसाय मास्तर?"
"देव हाय."
सौ.ला सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, आता आग पाखडेल. तर विचारते, "किती लांब म्हणायचं?"
"आपलं पाटोदा-बीड असेल."
"मग तुमी बीडला जावा. ती निघंल तवा निघा."
"त्यानं काय होणार?"
"एकटी हाय ती."

२१ जुलै, रवि.
तिथले सात म्हणजे आपले साडेसहा. साडेसहाच्या एसटीत बसलो. शेजारच्या सीटवर रुमाल टाकला, कुणासाठी जागा धरावी तसा. का, ते...
मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक आडवा. वीस मिनिटं गाडी जागेवर. तेवढ्यात सौ.चा फोन : "कुठवर आली?"
"घाटात."
"थांबली तर न्हाई ना?"
"छे." तिसरं.

बीड स्टँड, ८.१५. फोन नाही.
१०. नाही. मास्तरांनाही नाही.
१२.४०. ओळखीचे कंट्रोलर : "काय शास्त्री, बातमी सोडून बाकडं धरलं का? पाटोदा लागली, बसा."
म्हणालो, पुढच्या गाडीनं.
३.००. पुढचीही सोडली. मी मागे फिरलो आणि तिकडं तिची बस... असल्या गोष्टींना आयुष्यभर हसत आलो.
मोबाइलची बॅटरी निम्मी. सौ.ला सांगितलं, फोन करू नकोस, लाइन मोकळी ठेव.
आता एक म्हातारी आली. बाकावर शेजारी टाकलेल्या माझ्या रुमालाकडे बघून म्हणाली, "हितं कुणी हाय का बाबा?"
"हाय," म्हणालो.