ट्रेबल बाळूकडं

५ जाने.
चौथा अल्बम सुरू. औरंगपुऱ्यातल्या खोलीत दिवसभर मी न बाळू. आमच्या 'भिरभिर' बँडच्या पहिल्या अल्बममधी सापडंल तो आवाज कोंबला होता. दुसऱ्यात निम्मे काढून टाकले. तिसऱ्यात बाळूचा ढोल, बेस न माझा कीबोर्ड, बास. लोक म्हणाले, यांचा आवाज आता मुरलाय. मिक्सिंग पहिल्यापासून माझं, त्यामुळं मी जरा हवेतच. बाळू म्हणतो यंदा अजून काढून टाकू. काढ बाबा.

१३ जाने.
पहिलं गाणं मिक्स झालं. ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, कमी वाटला, चढवला. नाचायच्या गाण्यात वर छनछन पाहिजेच. बाळू 'ठीकय' म्हणाला. हा 'ठीकय' म्हणतो तेव्हा ठीक नसतं. पण विचारल्यावर तोंड उघडंल तर शपथ.

२१ जाने.
कॉलेजचा कार्यक्रम. बाळूची लासूरहून येणारी गाडी लेट, म्हणून नवं गाणं माझ्या लॅपटॉपवरून तसंच लावलं. जुन्या गाण्यांवर पोरी बेभान नाचत होत्या. नवं लागलं न पुढच्या रांगेनं कानावर हात ठेवले. साउंडवाला म्हणे, मॅडम, लई टोचतंय. मला कायबी टोचत नव्हतं. त्याच्याशी भांडले. तेवढ्यात बाळू पळत आला, नॉब खाली केला. पोरी परत नाचायला लागल्या. मला फरकच कळला नाय.

२२ जाने.
बाळूला धरलं. आधी चहा ठेवला. मग म्हणाला, "ताई, तुला वरचं ऐकू येत नाय. वरातीत स्पीकरच्या गाडीवर कीबोर्ड वाजवत लई वर्षं उभी राहिलीस तू."
दुसऱ्या अल्बमपासून माझं प्रत्येक मिक्स पुढं पाठवायच्या आधी हा पठ्ठ्या गुपचूप ट्रेबल उतरवत होता. म्हणजे तो मुरलेला आवाज त्याचा! डोकंच फिरलं. वाट्टेल ते बोलले. चोर म्हणाले. स्कूटी काढली न थेट हर्सूलला घरी. जेवले नाय. आई विचारून थकली.

२५ जाने.
कानाचे डॉ. गेलेलं परत येणार नाय, उरलेलं जपा म्हणाले. पार्किंगमधी रडले. गाण्याशिवाय मला येतं काय…
घरी येऊन तिसऱ्या अल्बममधलं एकच गाणं दोनदा ऐकलं. आधी माझं मिक्स, मग त्यानं उतरवलेलं. दोन्ही सारखंच. ज्याच्यासाठी त्याला चोर म्हणाले, ते मला ऐकूच येत नाय. न अल्बमवर नाव कुणाचं? मिक्सिंग: प्रज्ञा. माझंच. त्यानं कुणापुढं चकार शब्द काढला नाय. असा दोस्त मिळायला नशीब लागतं. फोन लावायचा धीर होईना.

२६ जाने.
लावला. माफी मागायला लागले तर म्हणाला, "ये ना ताई, चहा ठेवतो." एवढंच.

१ फेब्रु.
नवी वाटणी. खालचं मी, वरचं बाळू. मी डोळे मिटून बसले, तो नॉब फिरवत सांगत होता, आता झांज मऊ झाली, आता लांब गेली. लई बरं वाटलं. इतकी वर्षं सगळं एकटीनं करते म्हणून तोरा होता. दोघांत मजा जास्त हाय.
संध्याकाळी गाणं झालं. विचारलं, पाठवायचं का? बाळूचा हात नॉबवरच. नॉब थोडा वर, परत खाली, परत वर. मग म्हणाला, "गाडीवर तुझ्या बाजूलाच तर असायचो मी, ढोल घेऊन. माझंबी जात असंल तर?"
मला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस हा ही भीती घेऊन माझी गाणी सांभाळत होता न मी…
गाणं न पाठवता तसंच ठेवलंय. उद्या सकाळी त्याला त्याच डॉ.कडं नेते. नको नको करत होता. म्हटलं, गप चल, मी आतपर्यंत येते.