सातवा खुंटा

१८ सप्टेंबर, बुधवार

पोचले एकदाची. घोटीच्या बाजारात तेजस्विनी जीप घेऊन उभी होती. गुडघ्यापर्यंत बूट, कमरेला पट्टा. मी म्हटलं, फौजदारीणबाई, कुठल्या गुन्ह्यात नेताय? म्हणाली, भाकरी चांगली करतेस या गुन्ह्यात.

जागा छान आहे. नदीकाठी मोकळा माळ, मागे सागाजांभळाचं रान, रानाच्या कडेला बारा तंबू. नाशिक-पुण्याची हौशी माणसं इथे येऊन राहतात, घोड्यावरून रानात हिंडतात. काही जण आपला घोडाच ट्रकमधून आणतात आणि तंबूशेजारी बांधतात. माझी लेक त्यांना रपेट शिकवते. माझ्याकडे स्वयंपाक, आणि घोड्यांचा हरभरा भिजवणं. तिनं बजावलं, इथे घोडी आधी जेवतात, माणसं मागून. म्हटलं, तुझ्या बापाच्या घरी तीस वर्षं तेच केलं.

ह्यांचा, म्हणजे कारभारींचा, नाशिकरोडला टांगा होता. हरभरा ज्या कागदांत बांधून यायचा ते चुलीपुढे जुळवत मी वाचायला शिकले. चार वर्षांपूर्वी एका ट्रकनं ह्यांना आणि चंद्री घोडीला एकदमच नेलं. तेव्हापासून आधी कोण जेवणार, हा प्रश्नच उरला नाही. आता पुन्हा लेकीला गरम वाढता येईल. मला तेवढं पुरे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

घोडी सहा, दावणीला खुंटे सात. सातवा अगदी नदीकडे, खैराचा, कातडं सोलल्यासारखा कुरतडलेला. वर पत्र्याची पट्टी: राणा.

घोड्यांचा खरारा करणाऱ्या संघर्षला विचारलं. म्हणाला, साप चावला. मालक अश्विन म्हणाला, विकला. तेजू म्हणाली, पोटशूळ. नदीपलीकडच्या पाड्यावरून चिमणाबाई दूध घेऊन येते, ती खुदकन हसली. एका घोड्याला दोन मरणं आन् वर एक गिऱ्हाईक, लय नशीबवान हाय, म्हणाली. मग हसू आवरून म्हणाली की जनावर गेलं की त्याच दिवशी खुंटा उपटायचा असतो. रिकामा उभा ठेवायचा नाय.

हेही तेच सांगायचे. मी अश्विनला म्हटलं. तो म्हणाला, मावशी, पुढच्या आठवड्यात नवीन घोडा येतोय, राहू दे.

२२ सप्टेंबर, रविवार

आज पितृपक्षातली पंचमी, ह्यांची तिथी. भटजी नाही, काही नाही. भात, वडे, खीर, गवारीची भाजी केळीच्या पानावर मांडून जांभळाखाली ठेवली. फांदीवर आठ कावळे. एक खाली उतरेना. तेजूचं लग्न करीन म्हटलं. घर विकणार नाही म्हटलं. एक वाजला. कावळे बसलेलेच.

मग मनात आलं, हे एकटे कुठे गेलेत, चंद्री बरोबर होती. घोड्याचा घास घोड्याच्या जागी द्यावा. दावणीची घोडी रपेटीला गेलेली. सातव्या खुंट्यापुढे पान ठेवलं, हात जोडले आणि कावळ्याला म्हणतात ते पूर्ण म्हटलं: मनात जे राहिलं असेल ते मी पुरं करीन.

खुंट्यावरचा जुना दोर ताठ झाला. वाऱ्यानं असेल.

पाणी घेऊन परतले तर भात नाही, वडे नाहीत, पानही नाही. मातीत खुरांचे ताजे ठसे. मला बरंच वाटलं. कावळा नाही तर नाही, कोणीतरी जेवलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

हे लिहून ठेवते.

सकाळी दहाला संघर्षची किंकाळी ऐकली. धावले. तो दावणीच्या शेवटी पडला होता. छाती आत गेलेली, डाव्या हाताचं कोपरापासून खाली मांस नाही, नुसतं हाड. डोकं सातव्या खुंट्याला टेकलेलं. सहाही घोडी पुढून-मागून बांधलेली, तोंडाला फेस, एकीलाही त्याच्यापर्यंत पोचता येणं शक्य नाही.

पोलीस आले. म्हणाले, घोड्यानं लाथ मारली, मांस कुत्र्यांनी नेलं. मी म्हटलं, साहेब, कुत्र्याचा दात टोकदार असतो. हे चपटे आहेत. ते म्हणाले, आजी, चहा करा.

दुपारी पाऊस लागला. गिऱ्हाइकं सगळी निघून गेली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

तेजूनं आज सांगितलं.

जूनमध्ये राणानं एका बड्या गिऱ्हाइकाला नदीत पाडलं. अश्विन म्हणाला, याला धडा शिकवू. पुढून-मागून बांधला आणि संघर्षनं आणि त्यानं तंबूच्या लोखंडी दांड्यांनी मारला. दीड तास. आधी गुडघे फोडले. मग डोळा.

विचारलं, आणि तू?

तिनं तळहातावरचा वळ चोळला. मग म्हणाली, मी फक्त तोंड धरलं होतं, आई. माझ्या हातचा गूळ खायचा ना तो. माझा हात होता म्हणून उभा राहिला.

मी तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा मी कोणावर हात उचलला. मग तिचं डोकं मांडीवर घेतलं.

खुंट्यापुढे मी काय बोलले ते तिला सांगितलं नाही. राणाच्या मनात काय राहिलं असेल, ते आता मला कळतंय. तीन माणसं. एक झालं.

२५ सप्टेंबर, बुधवार

अश्विन जीप घेऊन पळाला. फरशी पुलावर पाणी होतं, म्हणून अर्ध्या वाटेवरून वळला. इतकं आम्ही पाहिलं. मग जीप आडवी. मग तो माळावरून फरपटत येताना, गळ्यात दोर, दोराचं दुसरं टोक हवेत, घोड्याच्या छातीइतक्या उंचीवर. ओढणारं कोणी दिसत नव्हतं. टापा ऐकू येत होत्या. एक टाप लंगडी.

तंबूंना तीन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला ओरडणं थांबलं. तिसरीला चेहरा उरला नव्हता.

घोडी सोडून दिली. रानात पळाली. पूल बुडाला. फोन लागत नाही.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात. दगडी भिंत आहे.

२६ सप्टेंबर

भोवती फिरतोय. भर दुपारी. दारावर नाक घासतो.

तेजूच्या तळहातावर जूनमधला दोराचा वळ होता. आज आपोआप उकलला. रक्त थांबत नाही.

चिमणाबाई पलीकडच्या काठावरून ओरडली, काय बोललीस त्याला? मी ओरडून सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. अगं, ते माणसाला म्हणायचं! जनावर शब्द सोडत नाय.

तेजूनं ऐकलं.  भाकरी अर्धीच खाल्ली.

खुंटा उपटायला गेले. हातभर खणलं. दोन हात खणलं. खाली जातच राहतो. पहार वाकली, तो हलत नाही. माती पुन्हा लोटून दिली.

२७ सप्टेंबर, सकाळ

पाड्यावरच्यांनी दोर फेकला. पलीकडे ऐनाच्या झाडाला बांधलाय. इकडे जांभळापर्यंत पुरेना. खुंट्यापर्यंत पुरला, तिथेच बांधला. बरंच झालं, त्याच्याइतकं घट्ट इथे काही नाही.

तेजू दोर धरून जाईल. मी इथे बसेन. तिचा सदरा घातलाय, तिच्या रक्ताचा. तळहातावर गूळ. त्याला हात ओळखीचा वाटला की तो थांबतो. मी भिऊन पळू नये म्हणून माझ्या कमरेला जुना दोर, खुंट्याला गाठ. टांगेवाल्याची गाठ आहे, सुटत नाही.

ती येत नव्हती. म्हटलं, जा, नाहीतर पुन्हा मारीन. गेली.

वही मांडीवर आहे. लिहिलं की हात स्थिर राहतो.

पाण्यात उतरली. कमरेपर्यंत.

आला. श्वास गरम. फुटलेल्या डोळ्याचा वास. गूळ हुंगला —

खाल्ला. ओठ मऊ आहेत. चंद्रीसारखे.

तेजू मध्यावर. पाणी छातीशी.

माझ्या खांद्यावर मान ठेवली. रागावला नाही. मला मारायचंच नाहीये त्याला. मी तर त्याला जेवू घातलं —

माझ्या कमरेचा दोर तोंडात धरला. ओढतोय. मला नव्हे. माझ्या भारानं खुंटा —

हलला.

मी पुरं करीन. असं मीच म्हटलं होतं. मी.

गाठ सुटत नाही. विळी स्वयंपाकघरात. तेजू मागे बघतेय, हसतेय, तिला वाटतंय मी हात हलव—

माती उकलली. वर येतोय खुंटा. तेजू, धर, दुसरं काहीतरी ध—