यादीतली बिननावाची ओळ

३ जून

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी भाव खाऊन गेले.

अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी ही छोटीशी संस्था. पुढे ऑफिस, मागे भिंतींना फोम लावलेली वाचनाची खोली, मध्ये जाड काच. संस्था चालवणाऱ्या बाई, वाचायला येणारे आप्पा म्हणून निवृत्त पोस्टमास्तर, आणि आता तंत्रज्ञ म्हणून मी.

इथल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे. कित्येक दिवस त्यातून आवाजच येत नव्हता, बाई रडकुंडीला आल्या होत्या. दुखणं साधं होतं. आवाज बाहेर जायला चार वाटा: मॉनिटर, मागचा जॅक, पुढचा जॅक, आणि हेडफोन-माइक जोडतात तो डबा. सुरू होताना जो आधी जागा होईल त्याच्या हाती लिनक्स कारभार द्यायचं. बहुतेक वेळा मॉनिटर पुढे, आणि त्याला स्पीकरच नाहीत. मी यादीतून डबा निवडला, तोच कायम राहील असा नियम लिहून ठेवला. आप्पांचा खर्जातला आवाज खोलीभर घुमला. ते म्हणाले, पोरीनं यंत्राचे कान बरोबर पिळले.

घरी येऊन लेकीला, बबडीला, आप्पांच्या दाढीसकट सगळं रंगवून सांगितलं. तिला आप्पांना भेटायचंय. दुसरीतल्या मुलीला दाढीवाल्या माणसांचं भारी अप्रूप.

५ जून

आज डबा पुन्हा मागे पडला. यादी उघडली तर चाराच्या जागी पाच ओळी. पाचवीला नाव नाही, नुसती रिकामी जागा आणि पुढे आवाजाची पट्टी. मॉनिटर सोडून सगळ्या वायरी उपटल्या, यंत्र बंद करून चालू केलं. मॉनिटरची सोडून बाकीच्या ओळी गेल्या, ती बिननावाची राहिली. तिला काहीच जोडलेलं नसताना तिची पट्टी मधूनमधून हलत होती.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधीच्या तंत्रज्ञालाही ही ओळ दिसायची. पुढे तो मुलगा एकाएकी बोलेनासा झाला. कुणावर तरी रुसला असेल असं बाईंना वाटलं. मग कामावर यायचाच बंद झाला.

मी ती ओळ बंद करून टाकली. उगाच डोक्याला ताप नको.

८ जून

ओळ परत आली होती आणि मुख्य वाट म्हणून निवडली गेली होती. माझ्या लक्षात आलं नाही. आप्पा काचेपलीकडे वाचत होते, माझ्या हेडफोनमध्ये शुकशुकाट. ती पट्टी मात्र नाचत होती.

मी हात करून त्यांना थांबवलं. ते बाहेर आले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आधी वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनी दोन्ही हातांनी गळा धरला.

डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. बाई म्हणतात, वय झालं. मी मान डोलावली, पण मला ती नाचणारी पट्टी आठवत राहिली.

११ जून

बबडीच्या शाळेला आज सुट्टी, घरी कुणी नाही, म्हणून सोबत नेलं. मी ती ओळ मुळापासून काढून टाकली होती. खात्री करून घेतली होती. बाईंनी कपाटातून केबल आणायला सांगितली म्हणून गेले. तेवढाच वेळ.

परत आले तर बबडी माइकपुढे बसून गाणं म्हणत होती. काचेतून दिसत होतं. पडद्यावर ती ओळ परत आली होती, तिची पट्टी शेवटपर्यंत भरली होती.

ती पळत येऊन मला बिलगली. पावलं वाजली. रडली, तेव्हा श्वाससुद्धा वाजला. फक्त आवाज नाही.

१२ जून

डॉक्टर म्हणाले, घाबरली असेल, येईल आवाज. बबडीनं पाटीवर लिहिलं: आई, मी बोलतेय. तुला ऐकू येत नाही?

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पुसलं, पुन्हा लिहिलं. मला तिकडे ऐकू येतं. आप्पा आहेत. एक काका आहेत. काका सारखे सांगतात, गप्प बस, त्याला कळेल तू कुठे आहेस.

त्याला म्हणजे कुणाला, विचारलं. तिला माहीत नाही. पाटी घेऊन आप्पांकडे गेले. त्यांनी ती वाचली, हो म्हणून मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

मी बबडीला बजावलं, अजिबात बोलायचं नाही. सात वर्षांची पोर. किती वेळ गप्प राहील.

१३ जून

लिनक्समध्ये एक सोय असते. एखाद्या वाटेनं आवाज जात असेल तर तोच परत आपल्याकडे वळवून ऐकता येतो. मी ती ओळ ऐकायला लावली.

बबडी. हुंदके. आप्पा हळू आवाजात तिला समजावत होते. एक तरुण आवाज, शू, शू करणारा. हेडफोन बाईंना दिला. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, “हा तोच मुलगा.”

आणि सगळ्यांच्या मागे आणखी एक. तो बबडीचेच शब्द पुन्हा म्हणत होता. आधी ओबडधोबड. मग बरोबर.

१४ जून

आप्पांचा आवाज आता तिकडेही नाही. सकाळी आप्पा गेले. झोपेतच, त्यांची सून म्हणाली.

तरुणाचाही नाही.

बबडी एकटी आहे. आणि तो.

त्या ओळीतला आवाज डब्याकडे वळवायचा, मग स्पीकरमधून इकडे. नियम लिहिते, यंत्र नाकारतं. म्हणतं, वाट रिकामी ठेवता येत नाही.

मग तिच्या जागी माझा आवाज घालायचा. बाईंनी हात धरला. मी सोडवला.

१४ जून, दुपार

झालं. माइकपुढे तिचं नाव घेत राहिले, घेत राहिले, आणि मग माझा आवाज मलाच ऐकू येईना. स्पीकरमधून तिची हाक आली. “आई.” बबडीचं तोंड उघडलं, हाक तिच्या तोंडून आली. बाई रडल्या.

मी बोलू शकत नाही. चालेल.

१५ जून

बबडी सकाळपासून बोलते आहे. खूप बोलते. गाणं नाही म्हणत. मी बोट दाखवेन त्या वस्तूचं नाव सांगते, जरा थांबून.

आता मलाही तिकडचं ऐकू येतं. तिकडे काळोख आहे. डोळ्यांना नव्हे, कानांना. मी गप्प होते. तो कुठे असेल म्हणून —

तो तिकडे नाही. आत्ता कळलं. कुणीतरी हळूच रडतंय. जवळच.

“आई. ती मी नाही.”

बबडीचा आवाज. माझ्याजवळ. तिकडे.

मग मी बाहेर आणलं ते कुणाला —

बाहेरची ती दारात उभी आहे. विचारते, काय लिहितेस. पुन्हा विचारते. आता माझ्या आवाजात विचार—